पाणी मागणारी खोली

नांदेड

लातूरला जाताना सोबत काय न्यायचं, यावरून माझं आणि इरफानचं आदल्या संध्याकाळपर्यंत वाजत होतं. त्याच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात, काउंटरमागच्या टेबलावर आम्ही सगळं सामान मांडलं होतं. गिऱ्हाइकं वाकून बघत होती आणि हे विकायला आहे का म्हणून विचारत होती.

मी नांदेडच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. इरफान माझा जुना विद्यार्थी. भूत आहे म्हणून लोकांनी सोडून दिलेल्या जागा बघायला जायचा आम्हा दोघांना काही वर्षांपासून नाद आहे. हदगावकडचं एक गोदाम, किनवटच्या जंगलातलं एक पडकं विश्रामगृह, असं फिरून झालं. भूत काही भेटलं नाही. वटवाघळं भेटली, सैल पत्रे भेटले, आणि एकदा दारूचा साठा राखत बसलेले दोघे भेटले, ते आम्हालाच भूत समजून पळाले.

या नादात नवी माणसं फसतात ती सामान घेताना. दिवे लुकलुकणारी यंत्रं मोबाईलवर बघायची, घरबसल्या मागवायची, आणि मग दिवा लुकलुकला की ओरडायचं. माझं इरफानला एकच सांगणं असतं, की नवं यंत्र आधी आपल्या घरी वापरून बघ, जिथं भूत नाही याची तुला खात्री आहे. चुंबकीय क्षेत्राचा मीटर माझ्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागं नेला की बोंबलतो. हे एकदा कळलं, की दुसऱ्याच्या घरात तो बोंबलला तर माणूस आधी भिंतीतली वायर शोधतो. लांबून तापमान मोजायची बंदूक भिंतीचं तापमान सांगते, हवेचं नाही. तेव्हा मीटर घेतला, बंदूक घेतली, आवाज टिपायचा छोटा रेकॉर्डर घेतला आणि बॅटरी घेतली. अंधारातला कॅमेरा ठेवून दिला, कारण हॉस्टेलची परवानगी दिवसाची होती, पोरी क्लासला गेलेल्या असताना.

वाद होता तो एका काळ्या डबीवरून. ती इरफानने मागवली होती. मेलेल्यांचं बोलणं ऐकवते अशी तिची जाहिरात. आत साधा रेडिओ असतो, फक्त तो एका स्टेशनवर थांबत नाही, भराभर पुढं सरकत राहतो. त्या खरखरीतून अर्धवट शब्द उडतात आणि ऐकणारा ते जोडतो.

"ही नको," मी म्हणाले.

"मॅडम, काकांनी हीच मागितली ना," इरफान म्हणाला. "त्यांनी व्हिडिओत बघितली. नाही नेली तर त्यांना वाटंल, आपून लपवून राहिलो."

तो म्हणत होता ते खोटं नव्हतं. डबी पिशवीत गेली. इरफानला दुकान सोडून येता येणार नव्हतं, तेव्हा निघाले मी एकटीच.

काका म्हणजे लोह्याजवळच्या एका खेड्यातले केरबाकाका. आमच्या कॉलेजातल्या शिपायाच्या ओळखीने ते मला भेटायला आले होते. त्यांची रेणुका लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला होती. महालक्ष्म्यांच्या सणाला हॉस्टेलच्या पोरी घरी गेल्या. हिची टेस्ट होती म्हणून ही एकटी मागं राहिली. ताप होता. फोनवर आईला म्हणाली, गोळी घेतलीय. सकाळी ती खोलीत बेशुद्ध सापडली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपली. डेंग्यू होता, हे मागाहून कळलं. हॉस्टेलवाल्यांनी सांगितलं, झोपेतच झालं सगळं, पोरीला कळलंसुद्धा नाही.

हे सांगताना काका स्टाफरूमच्या खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. "मॅडम, झोपंत गेली म्हनले तवा मी मनाला समजावलं. पन आमच्या गावची एक पोरगी त्याच हॉस्टेलात हाय. ती दिवाळीला आली तवा म्हनली, काका, रेनुका अजून त्या खोलीत पानी मागती म्हनं. मला येवढंच सांगा, मेल्यावर तहान लागती का? लागत असल तर मला काईतरी करावं लागल ना."

मी त्यांना तिथंच सांगू शकले असते, की काका, असं काही नसतं. तसं म्हणायला तोंडही उघडलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "जाऊन बघू."

लोहा ते अहमदपूर

काका लोह्याच्या स्टँडवर गाडीत चढले. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, हातात कापडात बांधलेल्या दशम्या. "मालकिनीनं तुमच्यासाठी बी दिल्यात," म्हणाले आणि ते गाठोडं माझ्या मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसले.

सोयाबीन निघून गेलं होतं. तुरी पिवळ्या फुलांवर होत्या, काळ्या रानात हरभरा नुकता वर आला होता. माळाकोळीच्या पुढं डोंगर सुरू होतो. बालाघाटाच्या या रांगा फार उंच नाहीत, पण उघड्याबोडक्या. खडक वर आलेला आणि अधूनमधून एखादं हिरवं खोरं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात या रस्त्याने जाणाऱ्याला मराठवाडा कोरडा आहे हे पटणार नाही. एरवी मी हे सगळं डोळे भरून बघते. त्या दिवशी बघताना लाज वाटत होती.

घाटातल्या एका वळणावर गाडीने गचका दिला. वरच्या फळीवरची माझी पिशवी खाली पडली आणि आतली काळी डबी सुरू झाली. खरखर, तुटक गाणं, कुणाचं तरी अर्धं वाक्य, पुन्हा खरखर. गाडीतली माणसं वळून बघायला लागली. पुढच्या सीटवरची म्हातारी म्हणाली, "बाई, काय वो हे, कुत्र्यावानी?" मी पिशवीत हात घालून बटण चाचपत होते, तेवढ्यात डबीतून स्वच्छ आवाज आला. बाईचा, कोवळा. "बा..."

काकांनी माझं मनगट धरलं.

"आयकलं का?" ते म्हणाले. "बा म्हनली. ती मला बाच म्हनायची."

डबीतून दुसऱ्या फेरीला पुन्हा आलं, "बा..." आणि पुढं खरखर. मला दोन गोष्टी करता आल्या असत्या. डबी बंद करून गप्प बसता आलं असतं; मग तो 'बा' त्यांना आयुष्यभर पुरला असता. पण ज्या कामाला आम्ही निघालो होतो, ते मग तिथंच घाटात संपलं असतं. मी डबीचं सरकणं थांबवलं आणि हळूहळू मागं नेत ते स्टेशन धरलं. एक मुलगी नीट, खणखणीत वाचत होती, बाजारभाव. हिंगोलीच्या बाजारात हळद, लातूरच्या बाजारात सोयाबीन, उदगीरच्या बाजारात तूर.

काकांनी ते सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मग माझं मनगट सोडलं.

"बाजार," ते म्हणाले.

"हो काका."

"बंद करा मंग ते."

अहमदपूरला गाडी थांबली. स्टँडसमोरच्या हॉटेलात सुशीला छान मिळते, आमच्या नांदेडकडच्यापेक्षा चुरमुरे मऊ आणि वर शेंगदाण्याचं कूट भरपूर. मी दोन प्लेटा घेतल्या. काकांनी एक घास खाल्ला आणि प्लेट बाजूला सरकवली. मी मात्र दोन्ही खाल्ल्या. दुःखी माणसाशेजारी बसून आपल्याला भूक लागते, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

"मॅडम," ते चहा बशीत ओतत म्हणाले, "झोपंत गेली असल तर लई बरं. पन जागी असल तर तसं सांगा. मला बरं वाटावं म्हनून खोटं बोलू नका."

लातूर

क्लासच्या भागात शिरलं की वेगळंच गाव लागतं. गल्लोगल्ली हॉस्टेलं, खानावळी, झेरॉक्सची दुकानं, भिंतीभिंतीवर पहिल्या आलेल्या मुलामुलींचे हसरे फोटो. नांदेडलाही क्लासेस आहेत, पण गावात मिसळून गेलेले. इथं गावानेच कूस बदलून क्लासेसना जागा करून दिल्यासारखं वाटतं. दुपारी सगळं सामसूम. प्रत्येक गॅलरीत वाळत घातलेले कपडे आणि माणूस एकही नाही.

रेणुकाचं हॉस्टेल तीन मजली, चिंचोळं. मालक पुण्याला असतात. फोनवर ते एवढंच म्हणाले होते, की बघा काय बघायचं ते, पण व्हिडिओ नको. सांभाळायला सुमनबाई. निलंग्याच्या पलीकडची, सीमेवरच्या गावची बाई, पन्नाशीची, विधवा. मला लगेच अक्का म्हणायला लागली. काकांना पाहिल्यावर मात्र तिने पदर डोक्यावर घेतला आणि नजर वर केली नाही.

"पुरुषमानसं वर जात न्हाईत," ती म्हणाली.

"मी खाली बसतो," काका म्हणाले आणि अंगणातल्या हौदाच्या कट्ट्यावर बसले.

खोली पहिल्या मजल्यावर, टोकाला. कुलूप उघडून सुमनबाई दारातच थांबली. दोन लोखंडी कॉट, दोन टेबलं, भिंतीवर चिकटवलेलं रसायनशास्त्राचं कोष्टक. गाद्या गुंडाळून ठेवलेल्या. "ही शेजारच्या पोरीची, ती आता दुसऱ्या मजल्यावर गेली," तिने एका कॉटकडे बोट दाखवलं. दुसऱ्या कॉटबद्दल काही बोलली नाही.

मी कामाला लागले. मीटर त्या कॉटच्या डोक्याशी नेला तसा बोंबलला. बाहेरच्या भिंतीवर इमारतीचे विजेचे मीटर होते, म्हणजे ते मिटलं. बंदुकीने भिंती मोजल्या. पश्चिमेची भिंत तापलेली, न्हाणीघराची गार. ओल दिसतच होती. रेकॉर्डर कॉटवर ठेवून मी बाहेर जाऊन थांबले आणि मग ऐकलं. पाइपातून पाणी गळतं तसा टपटप आवाज होता, बाकी काही नाही. न्हाणीघरात बॅटरी मारली, तेव्हा वरच्या बाजूला काच नसलेली एक खिडकी दिसली. ती इमारतीच्या पोटातल्या उभ्या बोळात उघडत होती, जिथून सगळे पाइप खाली जातात.

"हे खाली कुठं निघतं?" मी विचारलं.

"माझ्या खोलीपाशी," सुमनबाई म्हणाली. "अक्का, आटपा आता. हितं जास्त थांबत न्हाईत."

"का? तुम्ही काही ऐकलंय का इथं?"

"हितं आदी हीर व्हती. बुजवून बांदलंय हे. हिरीतलं पानी मागतंय म्हनत्यात समदे."

"समदे म्हणजे कोण? तुम्ही ऐकलंय का?"

ती तडक जिना उतरली.

खाली येऊन मी काकांना सांगितलं, की मला एक गोष्ट तपासायची आहे. वरच्या खोलीतून कुणी हाक मारली तर खाली ऐकू येते का, एवढंच. सुमनबाईची खोली जिन्याखाली होती. एक खाट, देव्हारा, पोरींचे मोबाईल रात्री जमा करायचं कपाट, आणि वर झरोका, त्याच बोळात उघडणारा. काका खाटेवर बसले. सुमनबाई उंबऱ्यात उभी राहिली. तिला नको होतं हे दिसत होतं, पण रेणुकाच्या बापाला नाही म्हणायची तिची हिंमत झाली नाही.

मी वर गेले. न्हाणीघराचं दार उघडं ठेवलं, त्या दुसऱ्या कॉटच्या नुसत्या लोखंडी पट्ट्यांवर आडवी झाले. आजारी माणसाचा निघेल तेवढाच आवाज काढायचा होता. काय म्हणायचं ते आधी ठरवलं नव्हतं. आजारी पोरगी हॉस्टेलात काय म्हणेल, ते तोंडातून निघालं.

"मावशी... मावशी, पाणी..."

खालून एक ओरडा आला. काकांचा नव्हता.

मी धावत खाली आले. सुमनबाई उंबऱ्यातच खाली बसली होती, दोन्ही हात कानांवर. काका खाटेवरून उठले होते आणि झरोक्याकडे बघत होते, माझा आवाज अजून तिथं असल्यासारखे.

"बाई," ते म्हणाले, "हे आयकू आलं व्हतं का तुमाला? त्या रात्री?"

तिने मान हलवली. कुठल्या बाजूला ते कळलं नाही.

"नीट सांगा."

"आयकलं वो," ती म्हणाली. "मावशी म्हनूनच. असंच. माजं नाव घेतल्यावानी. तीनदा, चारदा, मग मी मोजलं न्हाई. मला वाटलं, समद्या पोरी गावाला गेल्यात, हास्टेल रिकामं हाय, हे हिरीतलंच. रातच्या हाकंला ओ देऊ न्हाई म्हनत्यात आमच्याकडं. ओ दिली की नेतंय. मी कडी लावली, देवाफुडं बसले. लई येळ... मग थांबलं."

"रेनुका हाय वर, हे ठावं न्हवतं का?" काकांचा आवाज अजिबात चढला नव्हता.

"सांजंला जेवायला आली न्हाई. तिचा मोबाईल कपाटातच व्हता, ते मी बगितलं न्हाई. मला वाटलं ती बी गेली सनाला. सकाळी दूधवाल्याला म्हनले, रातभर हिरीतल्यानं पानी मागितलं, मावशी मावशी म्हनून. आन मग वर झाडायला गेले, तर..."

दूधवाल्याला सकाळी सांगितलेली ती गोष्ट सणाहून परतलेल्या पोरींपर्यंत पोचली, तोवर रेणुका गेलेली होती. तेव्हा पोरींनी त्या हाकेला तिचं नाव दिलं. त्या खोलीत मेलेल्या कुणीच कधी पाणी मागितलं नव्हतं. जिवंत मुलीने मागितलं होतं, तेवढंच.

मला उपकरणांच्या पिशवीचा पट्टा खांद्यावर टोचत होता, आणि तो काढायचं सुचत नव्हतं. काका खाली वाकले. मला वाटलं, ते तिच्या अंगावर जातात की काय. त्यांनी फक्त उंबऱ्यावर पडलेली आपली टोपी उचलली आणि बाहेर गेले.

गंजगोलाई

ते चालत सुटले, मी मागं. लातूरचा हा गोल बाजार मी एरवी तासभर बघत बसले असते. मधोमध देऊळ, चारही बाजूंनी फुटलेले रस्ते, भांड्यांची गल्ली वेगळी, कापडाची वेगळी. काका कशाकडेच बघत नव्हते. एका रसवंतीपाशी मी त्यांना गाठलं.

मी म्हणाले, "काका, तक्रार करता येईल. मोबाईल काढून घेतात, रात्री वर कुणी बघत नाही, आजारी पोरीची चौकशी नाही. मी येईन साक्षीला."

"मालकाला सोडनार न्हाई मी," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "त्या बाईचं काय करावं ते मला कळंना. तिला मारावं वाटून राहिलं, आन ती लई भेली व्हती हे बी दिसून राहिलं." (मालकाविरुद्धचा त्यांचा अर्ज आता दिला गेलाय. पुढं काय होतं ते अजून कळलेलं नाही. त्या अर्जात सुमनबाईचं नाव नाही.)

मग ते एका विजेच्या दुकानासमोर थांबले. आत गेले, आणि दुकानदाराला म्हणाले, "एक बेल द्या. घरच्या दाराला लावत्यात तसली. लांब वायर द्या, दोन मजल्यांची. आन बटन मोठं पायजे, हाताला अंधारात घावल असं."

दुकानदाराने बिनवायरची दाखवली. काका माझ्याकडे वळले. "मॅडम, यातलं कोनतं बरं? तुमाला कळतं."

"वायरची घ्या," मी म्हणाले. "हिची बॅटरी संपते, आणि संपलेली कळत नाही."

त्या नादातल्या माझ्या सगळ्या वर्षांत कुणी मला यंत्राबद्दल इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता.

परत गेलो तेव्हा पोरी यायला अजून अवकाश होता. सुमनबाईने काही न विचारता वरचं कुलूप काढलं आणि काकांना जिन्याने वर जाऊ दिलं. शेतातली मोटार, स्टार्टर सगळं स्वतः जोडणारा माणूस. त्यांनी स्टुलावर चढून वायर त्याच उभ्या बोळातून खाली सोडली, खालच्या खोलीत झरोक्यापाशी बेल बसवली. बटण कॉटच्या डोक्याशी, हात सहज पोचेल इतकं खाली लावलं. मी खिळे देत होते. रेणुकाची खोली त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा बघितली, तरी इकडंतिकडं बघितलं नाही. भिंतीवरच्या कोष्टकावरून एकदा हात फिरवला, बस.

मग कॉटच्या कडेवर बसून त्यांनी बटण दाबलं.

खाली कर्कश बेल वाजली. पाठोपाठ सुमनबाईचा आवाज, सवयीचा, पोरींना देते तसा, "आले गं! आले, आले!" जिन्यावर तिची पावलं धपधप वाजली. दारात ती धापा टाकत उभी राहिली, तरी काकांचं बोट बटणावरच होतं आणि खाली रिकाम्या खोलीत बेल वाजतच होती.

"काय पायजे?" तिने विचारलं.

त्यांनी बोट काढलं.

"पानी."

ती गेली आणि तांब्या भरून आणला. काकांनी तो घेतला, पण प्यायले नाहीत. कॉटच्या उशाशी, फरशीवर जपून ठेवला.

"येवढंच व्हतं, बाई," ते म्हणाले, आणि जिना उतरायला लागले.